धप् कुठल्या कंपनीचा?

शिवलीलाबाईंचं पत्र उन्हाळ्याच्या तोंडाला आलं होतं. आता दिवाळी उंबऱ्याशी आली, तरी विरुपाक्ष हत्तुऱ्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणावं, तर तसंही नाही. पत्र त्यांनी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं होतं. काहीही वाचायचं म्हणून घर उघडलं की आधी पत्र हाताला लागायचं, मग चष्मा. आणि चष्मा चढवला की वाचायला समोर पत्रच असायचं.

पत्र लहानसंच होतं. बाईंनी लिहिलं होतं की, निवृत्तीनंतर कुर्डुवाडीला भाच्याकडे बरं चाललंय. भाचा अजिंक्य रेल्वेच्या वर्कशॉपात आहे, क्वार्टर स्टेशनच्या मागेच आहे, गाड्यांच्या आवाजाची सवय झाली. पण बोटं आखडायला लागलीत. डॉक्टर म्हणतात, बोटं चालती ठेवा, नाहीतर ती कायमची मिटतील. 'मी जन्मभर बोटं एकाच कामाला चालवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा आता स्वतःचा एक पियानो घ्यावा म्हणते. कुठल्या कंपनीचा घेऊ? तुमच्या वाचनालयात पियानोवरचं जाडजूड पुस्तक घेऊन बसलेले तुम्हाला मी पाहिलं आहे. तुम्ही सांगाल तो घेईन. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. फक्त दिवाळीच्या आत कळवा. अजिंक्य म्हणतो, तोवर ठरलं नाही तर पाडव्याला तो विजेवर चालणारा एक प्लास्टिकचा बाजा आणणार. त्याच्या पट्ट्या दाबल्या तरी दाबल्यासारख्या वाटत नाहीत. पण पोरानं हौसेनं आणल्यावर मी नाही कशी म्हणू?'

'तुम्ही सांगाल तो घेईन' या शब्दांनी हत्तुऱ्यांची झोप उडवली. उभ्या आयुष्यात त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं. ग्रंथपाल म्हणून लोक त्यांना विचारायचे, पण ते उत्तरच असं द्यायचे की ऐकणारा आपला आपण ठरवून मोकळा व्हायचा. "हे पुस्तक चांगलं आहे, बहुधा. पण तेही पाहा." हा 'बहुधा' त्यांच्या बोलण्यात असा भिनला होता की, एकदा कुणी नाव विचारल्यावर ते "विरुपाक्ष हत्तुरे, बहुधा" असं म्हणाल्याची गोष्ट वाचनालयात अजून सांगतात. ती खरी नाही. बहुधा.

आता वाचनालयाचा आणि पियानोचा संबंध एवढाच, की वाचनालयाची मागची भिंत आणि जुन्या मिशनच्या बालवाडीची पुढची भिंत एकच होती. भिंतीत वर, हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर, एक झरोका होता. रोज सकाळी वाचनालय उघडून हत्तुरे केर काढत असायचे, तेव्हा पलीकडून शिवलीलाबाईंचा पियानो सुरू व्हायचा, आणि त्यावर पोरं प्रार्थना म्हणायची :

ऊन आलं दारी, चिमण्या आल्या दारी,
आम्हीपण आलो... देवा, तुझ्या दारी.

या 'आलो'च्या नंतर आणि 'देवा'च्या आधी पियानोतून एक आवाज यायचा. तो सूर म्हणावा असा नव्हता. तो होता धप्. खोल, भरदार, जमिनीतून आल्यासारखा. त्या धप् बरोबर वाचनालयाच्या कपाटांच्या काचा किणकिणायच्या, वरच्या फळीवरच्या कोशांवरची धूळ खाली यायची, आणि हत्तुऱ्यांच्या हातातला केरसुणीचा फटका आपसूक त्या ठेक्यावर पडायचा. त्यांना वाटायचं, काय वाद्य आहे! एवढं नाजूक वाजता वाजता मध्येच असं छातीवर थाप मारल्यासारखं बोलतं!

झरोक्यातून दिसत काहीच नव्हतं. आत जाऊन पाहायचं, तर बालवाडीत शिरणारा वयस्क पुरुष म्हणून कुणी काय म्हणेल, ही भीती. बाई शनिवारी पुस्तक बदलायला येत, त्यांनाच विचारायचं, तर शनिवारचं संभाषण वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

"बरंय ना, हत्तुरे?"

"बरंय."

एवढ्यावर बाई रजिस्टरात सही करायच्या आणि जायच्या. त्या गेल्यावर हत्तुऱ्यांना काय विचारायचं ते सगळं आठवायचं. म्हणून त्यांनी पुस्तकांना विचारायला सुरुवात केली. पियानोवरचं ते जाडजूड पुस्तक त्यातलंच.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. बाईंना पियानो सुचवायचा, तर धप् असलेलाच सुचवायला हवा. त्याशिवाय त्यांचं भागणार कसं? पण धप् कुठल्या कंपनीचा, हे एकाही पुस्तकात दिलेलं नव्हतं. हत्तुऱ्यांनी स्टाइनवे वाचून काढला, बेखस्टाइन वाचून काढला. यामाहाच्या बोधचिन्हात तीन नादकाटे असतात, हे त्यांना आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कुणाचा सूर भरदार, कुणाचा स्वच्छ, कुणाचा गाण्यासारखा, असं लोकांनी पानंच्या पानं लिहून ठेवलं होतं. धप् वर एक ओळ नाही. मग व्हिएन्नाच्या बोझेंडॉर्फरची माहिती वाचताना त्यांना घाम फुटला. त्यांच्या सगळ्यात मोठ्या पियानोला डावीकडे, नेहमीच्या पट्ट्यांच्याही पलीकडे, आणखी काही खर्जाच्या पट्ट्या असतात म्हणे, आणि त्या काळ्या रंगवलेल्या असतात. सापडला! धप् तिथेच असणार! पण तो पियानो एवढा लांब, की रेल्वे क्वार्टरमध्ये त्याला ठेवायचं तर अजिंक्यला बायकापोरांसह प्लॅटफॉर्मवर मुक्काम हलवावा लागला असता. शिवाय सोलापूरच्या बालवाडीत तो शिरला होता कुठल्या दारानं?

झालं. उत्तर पुन्हा लांबलं.

"फोन कर की," अक्कम्मा म्हणाली. अक्कम्मा ही त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, आणि भाऊ अविवाहित असल्यामुळे त्याच्या आयुष्यात बायकोनं करायची तेवढी टीका तिनं एकटीनं केली. "मोबाइल हाय माझा. नंबर हाय पत्रात. दाब आणि बोल."

"फोनवर खोडता येत नाही, अक्का."

"खोडायला तू आधी बोलशील तर!"

हत्तुऱ्यांच्या खिशात एक अंतर्देशीय पत्र होतं. त्यावर 'शिवलीलाबाई यांस' एवढं लिहून झालं होतं. घामानं ते अंगाच्या आकाराचं झालं होतं.

हा संवाद ओट्यावर बसून नागप्पा ऐकत होता. नागप्पा शेजारी. जन्मभर बैलांची दलाली केलेला माणूस. गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात त्याच्या शब्दावर दावी सुटायची आणि बांधली जायची. आता गुडघे धरल्यामुळे घरी असे, आणि कुणी काही विकत घेतोय असं कानावर आलं की त्याला राहवत नसे. मग ती वस्तू प्रेशर कुकर का असेना.

"हत्तुरेअण्णा, तुमी कागदावर घ्यायला निघालाय व्हय?" तो म्हणाला. "कागदावर सगळेच बैल गरीब असतेत. जनावर डोळ्यानं बघायचं, हातानं चाचपायचं, चार पावलं चालवायचं. मग बोलायचं. पुण्याला हाय म्हणं दुकान. चला की. मी येतो संगं."

"तुम्ही कशाला, नागप्पा? म्हणजे... या, बहुधा..."

"ठरलं!" अक्कम्मा म्हणाली. "मी बी येते. तुमी दोघंच गेलात तर एक बैल घेऊन याल."

*

सकाळची गाडी. अक्कम्मानं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून घेतली होती. मोहोळ गेलं तसा नागप्पानं डबा सोडला. कडक भाकरी मोडल्याचा आवाज असा, की पलीकडच्या बाकावरची झोपलेली पोरगी दचकून उठली. पण हत्तुऱ्यांचं भाकरीकडे लक्ष नव्हतं, कारण पुढे कुर्डुवाडी होतं.

गाडीचा वेग कमी झाला, तसं त्यांनी खिडकीचं शटर खाली ओढलं.

"ऊन यायलंय का, तम्मा?" अक्कम्मानं विचारलं. धाकट्या भावाला ती कानडीत तम्मा म्हणत असे, आणि टोमणा मारायचा असला की जास्तच प्रेमानं.

"धूळ."

"प्लॅटफॉर्मवर?"

"बाईंना कधी कधी संध्याकाळी फिरायला स्टेशनवर यायची सवय असते. बहुधा."

"आता सकाळ हाय."

हत्तुऱ्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. ते उलटं होतं, हे पलीकडच्या पोरीनं सांगितलं.

*

पुण्याच्या दुकानात एवढी थंडी होती, की अक्कम्मानं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. काळे, तपकिरी, पांढरे पियानो रांगेनं मांडलेले होते. काही उभे, काही आडवे, काहींचं झाकण असं वर केलेलं, की नागप्पाला वाटलं दुरुस्तीला आलेत. टाय बांधलेला एक तरुण विक्रेता हसत पुढे आला. मागे काउंटरवर एक मुलगी बिलं लावत बसली होती.

"वेलकम सर. कोण शिकणारे? नातवंडं?"

हत्तुऱ्यांनी घसा साफ केला. घसा साफ करण्यात त्यांचा बोलायचा क्षण निघून गेला, आणि नागप्पा पुढे झाला.

"मूळचा कुटला ह्यो?" त्यानं पहिल्याच काळ्या पियानोवर तळहात ठेवून विचारलं.

"जपानचा, काका."

"आणि त्यो?"

"तो जर्मन."

"हाडापेरानं थोर दिसतोय." नागप्पानं जर्मनाभोवती एक फेरी मारली, पाठीमागून वाकून पाहिलं, पोटावर बोटांच्या मागच्या बाजूनं टकटक केलं. मग झाकण उचललं. "दात भरलेत. पण हे मधी मधी काळे कशानं? किडलेत व्हय?"

"काका, त्या काळ्या पट्ट्या प्रत्येक पियानोला असतात."

"सगळ्यांलाच किडलंय म्हंजे वाणच तसलं," नागप्पा समजुतीनं म्हणाला. "बरं, चालवून दावा."

विक्रेत्यानं स्टूल ओढलं आणि वाजवू लागला. नागप्पानं त्याला थांबवलं. "तसं न्हाय. चालवा. खाली चाकं हायत की!" आणि विक्रेत्याला काही कळायच्या आत त्यानं खांदा लावून जपानी पियानो हातभर पुढे आणलासुद्धा. "सरळ चालतोय. लंगडत न्हाय. छलो, झकास. आता मुद्द्याचं बोलू."

मुद्द्याचं बोलायची नागप्पाची एकच रीत होती, बाजाराची. खांद्यावरचा टॉवेल त्यानं विक्रेत्याच्या उजव्या हातावर टाकला, टॉवेलाखाली स्वतःचा हात घातला आणि त्याची बोटं घट्ट धरून एकेक दाबायला सुरुवात केली. बैलाचा भाव असाच होतो. आजूबाजूच्या चार लोकांना कळू नये म्हणून. विक्रेत्याला मात्र टॉवेलाखाली आपल्या हाताचं काय चाललंय ते काहीच कळेना. तो आधी हसला, मग लाल झाला, मग "मॅनेजर!" अशी हाक त्याच्या तोंडून निघून गेली.

"सोडा हो त्याला," अक्कम्मा म्हणाली. "पोरगं भ्यालंय. तम्मा, तू विचार की काय विचारायचं ते. एवढं महिने घोकलंस."

सगळे हत्तुऱ्यांकडे बघायला लागले. नेमकं हेच त्यांना सोसत नसे. त्यांनी चष्म्याचं घर हातात घट्ट धरलं. आतमध्ये पत्र होतं.

"मला असं विचारायचंय," ते अगदी हळू म्हणाले, "की यांच्यापैकी धप् कशात आहे?"

"सॉरी, सर?"

"धप्."

विक्रेत्यानं टाय सारखा केला. सकाळपासून त्याला एकच माणूस विचित्र वाटत होता. आता दोन झाले. "सर, तुम्हाला बेस म्हणायचंय का? खर्ज?" त्यानं जपानी पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी दाबली. घुंऽऽ असा आवाज आला.

"हे नाही," हत्तुरे म्हणाले.

जर्मन पियानोची दाबली. गुंऽऽ.

"गडगडतंय," अक्कम्मा म्हणाली. "धपत न्हाय."

"खाली पाय द्यायचं काय हाय ते दाबून बघा," म्हणत नागप्पानं पितळी पेडलवर सगळं वजन टाकलं. आतून एक आवाज आला खरा.

"हा ठप् आहे," हत्तुरे खिन्नपणे म्हणाले. "मोठा, आडवा... व्हिएन्नाचा असतो, ज्याला डावीकडे जास्तीच्या पट्ट्या..."

"तो आमच्याकडे नाही, सर. आणि त्याच्यातही असला काही..." विक्रेता थांबला. ग्राहकाला नाही म्हणायचं नसतं, हे त्याला शिकवलेलं होतं. "सर, तुम्ही ती ट्यून जरा म्हणून दाखवता का? म्हणजे मला कळेल."

हत्तुऱ्यांनी दाराकडे पाहिलं. ते गायले नव्हते. कधीच. आरतीतसुद्धा ते नुसते ओठ हलवत. आपलं चुकतंय, आपण चुकीच्या दुकानात, चुकीच्या वयात, चुकीचा प्रश्न घेऊन उभे आहोत, याबद्दल त्यांच्या मनात 'बहुधा'सुद्धा उरला नव्हता. वळावं आणि निघावं. पाडव्याला तो प्लास्टिकचा बाजा येईल. बाई त्याच्या न दाबल्यासारख्या पट्ट्या दाबत बसतील, अजिंक्यला बरं वाटावं म्हणून छान आहे म्हणतील, आणि बोटं एकेक करून मिटत जातील. आणि शनिवारी 'बरंय ना?' असं विचारायला कुणी नसेल, म्हणून आपल्याला ते कळणारही नाही.

त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं :

"ऊन आलं दारी, चिमण्या आल्या दारी..."

आवाज बारीक, फाटका, पण सूर जागच्या जागी. इतकी वर्षं रोज ऐकलेला.

"आम्हीपण आलो..."

ते थांबले. आणि त्यांच्या पाठीमागे, काउंटरच्या बाजूनं, आवाज आला :

धप्!

टेबलावरचे माहितीपत्रकांचे गठ्ठे हलले. हत्तुऱ्यांनी डोळे उघडले. काउंटरवरची मुलगी उभी होती, उजवा पाय आत्ताच जमिनीवर आपटलेला, आणि तोंडावर हात.

"'देवा, तुझ्या दारी'," तिनं हाताआडून पुरं केलं. "सॉरी, सर! आपोआप झालं. तुम्ही सोलापूरचे? शिवलीलाबाईंची बालवाडी?"

"तुम्ही... तो... धप् तुम्ही केलात?"

"मी रेश्मा. मी पण त्याच बालवाडीतली. आम्ही सगळेच करायचो की! त्या पियानोची तिथली एक पट्टी मेलेली होती. दाबली तरी गप्प. दुरुस्तीचा माणूस येणार, येणार, कधी आलाच नाही. खरं तर गाण्यात तिथं 'रे' आहे. 'आम्हीपण आलो रे देवा.' पण तिथं सूरच नाही म्हटल्यावर कुणी आधी उडी मारायचं, कुणी नंतर. सगळा गोंधळ. मग बाई म्हणाल्या, जिथं पियानो गप्प बसतो, तिथं आपण बोलायचं. पायानं. सगळ्यांनी एकदम!" ती हसायला लागली. "ते अंगात असं भिनलंय, काय सांगू. माझा भाऊ स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागं गुणगुणत होता, तर भटजींच्या पायावर धप् दिला."

हत्तुरे पियानोच्या स्टुलावर बसले. बसले म्हणण्यापेक्षा, स्टूल खाली होतं म्हणून बरं.

म्हणजे तो व्हिएन्नाचा नव्हता. बर्लिनचा नव्हता. तो सोलापूरच्या पोरांच्या टाचांचा होता. भिंतीपलीकडे एक बाई एका मेलेल्या पट्टीवर रोज बोट न ठेवता पुढे जात होत्या, आणि आपण भिंतीअलीकडे त्या न वाजलेल्या सुरासाठी जगातल्या कारखान्यांची झडती घेत होतो.

"तम्मा," अक्कम्माला हसण्यानं धड बोलता येत नव्हतं, पोट धरून ती पांढऱ्या पियानोला टेकली होती, "पोरांच्या टाचा तू जर्मनीत शोधायला गेलास रे!"

नागप्पा मात्र गंभीर होता. "असतंय तसं," तो म्हणाला. "करकंबला एकानं घुंगरांच्या आवाजावर बैल घेतला होता. घरी आल्यावर कळलं, घुंगरं शेजारच्या बैलाची."

आणि मग हत्तुऱ्यांना, स्वतःलाही न विचारता, हसू आलं. ते असं आलं, की विक्रेत्यानं धावत जाऊन पाणी आणलं.

पण पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. इतके महिने धप् च्या आड लपून बसता आलं होतं. आता आड काही उरलं नाही. आता नुसतंच ठरवायचं होतं.

"रेश्माताई, तुम्ही वाजवाल? तेच," ते म्हणाले.

रेश्मानं आधी जर्मन पियानोवर वाजवलं. 'रे' आला, मोठ्या घरातल्या माणसासारखा, खुर्ची ओढून बसला. मग तिनं कोपऱ्यातल्या एका लहान, उभ्या, जपानी पियानोवर वाजवलं. तिथंही 'रे' आला, पण जरा बाजूला सरकून, दुसऱ्याला जागा देत. हत्तुऱ्यांना वाटलं, बाईंच्या पोरांच्या रांगेत हा खपून जाईल.

ते उठले. बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. पियानोच्या पट्टीला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. त्यांची बोटंही काही तरुण नव्हती. पण पट्टी खाली गेली, आणि खाली गेल्याचं बोटाला कळलं. जर्मनाची दाबून पाहिली. तीही चांगलीच होती, पण तिला जरा समजूत घालावी लागत होती.

"हा," ते म्हणाले. लहानाकडे बोट होतं.

अक्कम्मा वाट पाहत राहिली. पुढचा शब्द आलाच नाही.

"'बहुधा' कुटं गेला?" तिनं विचारलं.

"दावं धरा, अण्णा, दावं धरा!" नागप्पा ओरडला आणि टॉवेल सरसावून विक्रेत्याकडे वळला. विक्रेत्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

रेश्मा म्हणाली, "बाईंसाठी आहे म्हणता? मग पाडव्यापर्यंत तो इथून हलत नाही, मी बघते. फक्त त्यांनी कळवायला हवं." अक्कम्मानं शेंगांच्या चटणीची उरलेली पुडी तिच्या हातावर ठेवली. सोलापूरची पोरगी, तिनं ती तिथंच हुंगली.

*

परतीच्या गाडीत हत्तुऱ्यांनी खिशातलं अंतर्देशीय काढलं, मांडीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि लिहायला बसले. गाडी हलत होती, अक्षर नाचत होतं. त्यांनी केलेली कंपन्यांची सगळी तुलना लिहायची, तर असली पन्नास पत्रं लागली असती. त्यांनी त्यातलं काहीच लिहिलं नाही.

'शिवलीलाबाई यांस,

उत्तराला फार उशीर झाला. जपानी, उभा, लहान घ्यावा. दाबल्यावर दाबल्यासारखं वाटतं. पुण्याच्या दुकानात तुमच्या बालवाडीतली रेश्मा आहे, तिनं तो पाडव्यापर्यंत ठेवला आहे. तिचा नंबर खाली देतो. अजिंक्यला सांगावं की, ठरलं.

या पियानोत 'रे' वाजतो. तुमची हरकत नसेल तर त्यावर बोट ठेवू नये. धप् कोणतीच कंपनी देत नाही, हे मी बरीच पुस्तकं पाहून खात्रीनं सांगतो. तो बाहेरून आणावा लागतो. त्यासाठी पियानो आला की पहिल्या रविवारी मी येईन, बहुधा.

विरुपाक्ष हत्तुरे'

त्यांनी वाचून पाहिलं. मग शेवटचा शब्द खोडला. पुन्हा खोडला. नीट खोडला जावा म्हणून पेन असं दाबलं, की तिथं कागदाला भोक पडलं. भोकातून अक्कम्माची साडी दिसत होती.

"राहू दे आता," अक्कम्मा म्हणाली. "भोकाला काय कुणी 'बहुधा' म्हणून वाचत न्हाय."

कुर्डुवाडी आलं. या वेळी शटर वरच होतं. दिवे लागायची वेळ. प्लॅटफॉर्मच्या खांबापाशी लाल पत्रपेटी होती. हत्तुरे उठले. ज्यांनी कधी चालू गाडीत जागासुद्धा बदलली नव्हती, ते दाराशी गेले आणि खाली उतरले.

"अगं बाई! निघाला की!" अक्कम्मानं खिडकीतून मान बाहेर काढली. "तम्मा, मागच्या बाजूला हायत क्वार्टरं, मागच्या! पूल चढून जा!"

पण हत्तुरे पुलाकडे गेले नाहीत. ते पत्रपेटीपाशी गेले. पत्र आत सोडलं, ते पडलं का म्हणून फटीला कान लावला, वरून पेटीवर हलकी थाप मारली आणि शिट्टी झाली तसे घाईघाईनं परत आले. नागप्पानं त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

अक्कम्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाईचं घर इथून हाकेवर. आणि तिच्याच गावात उतरून, तिच्याच नावाची चिठ्ठी, तू पोस्टात टाकून आलास?"

"पत्राचं उत्तर पत्रानंच जायला हवं, अक्का," हत्तुरे धापा टाकत म्हणाले. "उत्तराच्या आधी माणूस पोचला, तर बरं दिसत नाही."

"आणि माणूस?"

गाडी सुटली होती. पत्रपेटी मागे मागे जात लहान झाली.

"माणूस रविवारी," ते म्हणाले, आणि बाकाखाली त्यांचा उजवा पाय कुणाला ऐकू येणार नाही इतक्या हळू आपटला.